न आंबता साकळलेलं दूध: बुरशीच्या रेनेटचं एक प्रकरण

बाटली फ्रिजमध्ये होती तोवर पेय पातळ होतं. बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि तासाभरात ते खरवसासारखं बसलं. झाकण उघडलं तर आंबट वास नाही. चव गोड, वेलचीचा स्वाद जसाच्या तसा. सामू (पीएच) मोजला तर ६.५, म्हणजे ताज्या दुधाच्या जवळपास. दूध नासलेलं नाही, तरी जमलेलं आहे.

हे पेय बनतं चीज करताना सुटणाऱ्या पाण्यापासून, म्हणजे निवळीपासून. रोज ५०० लिटर गाईच्या दुधाचं चेडर, म्हणजे मुरवून खायचं चीज, करणारी छोटी डेअरी इथे नमुन्यादाखल धरली आहे. आकडे चेडरच्या नेहमीच्या पद्धतीतलेच आहेत. ५०० लिटर दुधातून साधारण ५० किलो चीज निघतं आणि ४५० लिटरच्या आसपास निवळी उरते. ती ओतून देणं परवडत नाही. म्हणून ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पाश्चरीकरण करून ती दुधात मिसळायची: तीन भाग दूध, एक भाग निवळी, साखर, वेलची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाटल्या परत येऊ लागतात. त्याच डेअरीची दुसरी तक्रार वरवर पाहता वेगळी आहे: चेडर दहाव्या आठवड्यात घशाशी कडू लागतं.

दोन्ही तक्रारींत एक धागा समान आहे, तो म्हणजे व्हॅटमध्ये, चीजच्या टाकीत, पडणारी काही ग्रॅम पिवळसर पूड. डब्यावर लिहिलेलं असतं ‘मायक्रोबियल रेनेट’. आत असतं बुरशीने बाहेर टाकलेलं, प्रथिन तोडणारं एन्झाइम.

पुडीतलं एन्झाइम आलं कुठून

रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारं द्रव्य, मूळचं वासराचं. दूध पिणाऱ्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात कायमोसिन नावाचं एन्झाइम असतं आणि युरोपातलं चीज शतकानुशतकं त्यावर बनत आलं. १९६०च्या दशकात चीजचं उत्पादन वाढलं, पण लहान वासरांची कत्तल त्या प्रमाणात होईना. रेनेटचा तुटवडा पडला आणि शोध सूक्ष्मजीवांकडे वळला. टोकियो विद्यापीठात केई अरिमा यांच्या गटाला मातीतली एक बुरशी सापडली, तेव्हाचं नाव म्यूकर पुसिलस. डेन्मार्कमध्ये तिची भावंड म्यूकर मीहेई कामाला लागली. आज दोघींना रायझोम्यूकर म्हणतात. तिसरी बुरशी क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका, म्हणजे अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं उजाड करणारी.

पुसिलस गव्हाच्या ओलसर कोंड्यावर वाढवत, मीहेई टाकीतल्या द्रव माध्यमात. बुरशी अन्न गिळत नाही. ती एन्झाइम बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. त्यामुळे हवं ते एन्झाइम बुरशीचे तंतू न फोडता नुसत्या गाळणीने वेगळं करता येतं. मात्र मीहेई त्याच द्रवात लायपेज हे चरबी तोडणारं एन्झाइमही सोडते. ते नीट काढलं नाही तर दुधाची चरबी तुटून चीज खवट होतं. स्वस्तातल्या पुडीचं चीज दोन महिन्यांत साबणासारखं लागू लागलं, तर आधी हा संशय घ्यावा.

म्यूकर हे नाव ऐकून २०२१ची म्युकरमायकोसिसची साथ आठवणं साहजिक आहे. पण पुडीत जिवंत बुरशी नसते, तंतू नसतात, बीजाणू नसतात. असतं ते शुद्ध केलेलं प्रथिन. काळजी घ्यायची ती पुडीच्या धुळीची. एन्झाइमची धूळ रोज श्वासात गेली तर दमा किंवा ॲलर्जी जडू शकते, म्हणून वजन करताना तोंडावर मास्क हवाच.

भारतात हा विषय शाकाहाराशीही बांधलेला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) मानकांत चीजची व्याख्याच प्राणिजन्य नसलेलं रेनेट किंवा दुसरा योग्य साकळक धरून केलेली आहे. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो तो अशा एन्झाइममुळेच. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला मात्र त्याच्या नियमांनुसार वासराचंच रेनेट लागतं.

एकच बंध, आणि बाकीचे

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगतं. प्रत्येक गोळीच्या अंगावर लवेसारखा थर असतो तो कॅपा-केसीनचा. ही लव गोळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवते. कॅपा-केसीन ही १६९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या १०५व्या फिनाइलॲलॅनिन आणि १०६व्या मेथिओनिनमधला बंध तुटला की पुढचा ६४ अमिनो आम्लांचा तुकडा सुटून निवळीत जातो. लव भादरली गेली की गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि दूध बसतं.

वासराचं कायमोसिन हा एक बंध फार नेमका तोडतं. रायझोम्यूकरचं एन्झाइमही नेमका तोच बंध तोडतं, म्हणून ते चीजला चालतं. पपईच्या चिकातलं पपेनसुद्धा दूध जमवतं, पण ते केसीन जिथे सापडेल तिथे चिरत जातं. चीज भुसभुशीत होतं, उतारा घटतो, चव कडू. बुरशीचं एन्झाइम या दोघांच्या मधलं, कायमोसिनच्या बरंच जवळ. ‘बरंच’ आणि ‘पूर्ण’ यांतल्या अंतरातूनच कडूपणाची तक्रार उगवते.

निवळीची तक्रार मात्र निराळ्या गुणातून येते. मीहेई ही उष्णताप्रिय बुरशी आहे. कंपोस्टच्या तापलेल्या ढिगात ती सुखाने वाढते आणि तिचं एन्झाइमही तापमानाला चिवट असतं. कायमोसिन ७२ अंशांच्या पाश्चरीकरणात संपतं. मीहेईचं मूळ रूपातलं एन्झाइम त्यातून बऱ्यापैकी जिवंत बाहेर पडतं.

व्हॅटमधला हिशेब

साकळण्याची ताकद आंतरराष्ट्रीय एककात मोजतात, डब्यावर ते ‘आयएमसीयू’ असं छापलेलं असतं. चेडरला लिटरमागे ४० एकक धरू. ५०० लिटरला २०,००० लागतील. पूड ग्रॅमला २,२०० एककांची असेल तर वजन भरतं ९.१ ग्रॅम.

नऊ ग्रॅम. पाचशे लिटर दुधाचं भवितव्य एवढ्याशा पुडीवर ठरतं आणि पुष्कळ ठिकाणी ती चमच्याने किंवा पाच-पाच ग्रॅमची पायरी असलेल्या काट्यावर मोजली जाते. असा काटा नऊच्या जागी पाच दाखवेल, दहा दाखवेल किंवा तेरा ग्रॅमलाही ‘पंधरा’ म्हणेल. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पुढचा क्रम असा. पाश्चराइज्ड दूध ३१ अंशांवर आणायचं, विरजण घालून अर्धा-पाऊण तास थांबायचं. १०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे सुमारे ०.०२ टक्के, वेगळ्या पाण्यात विरघळवून एन्झाइमच्या आधी दुधात ढवळायचं. पूड अर्ध्या लिटर थंड पाण्यात विरघळवायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते एन्झाइम मारतं. पाणी उकळून गार केलेलं घ्यावं, नाहीतर पूड टाकण्याआधी त्या पाण्यात चमचाभर दूध घालावं, म्हणजे क्लोरीन दुधावर खर्ची पडतं. द्रावण करून तासभर ठेवू नये. व्हॅटमध्ये सगळीकडे फिरवून घालायचं, दोन-तीन मिनिटं ढवळायचं आणि मग उलट दिशेने पळी धरून दुधाचं फिरणं पूर्ण थांबवायचं. दूध हलत राहिलं तर जमणारा थर तिथल्या तिथे तुटतो आणि चुरा निवळीत जातो.

आता स्टीलची हलकी वाटी दुधावर तरंगत सोडायची आणि बोटाने गर्रकन फिरवायची. सुरुवातीला ती भिंगरीसारखी फिरते. दर मिनिटाला पुन्हा एक टिचकी. एका क्षणी ती अर्धा फेरा घेऊन चिखलात रुतल्यासारखी थांबते. एन्झाइम घातल्यापासून त्या क्षणापर्यंतचा वेळ ११ मिनिटं भरला, तर चेडरला त्याची तिप्पट, म्हणजे ३३व्या मिनिटाला सुरी घालायची. कापणीची वेळ वाटीवरून ठरवायची, भिंतीवरच्या घड्याळावरून नाही.

समजा चुकून १३ ग्रॅम पडले. लिटरमागे ५७ एकक झाले. वाटी ११ ऐवजी पावणेआठ मिनिटांत थांबते आणि कापणी २३व्या मिनिटाला यायला हवी. पण कामगार सवयीने अर्ध्या तासाने येतो. तोवर दही फार घट्ट झालेलं असतं. उशिरा कापलेलं दही पाणी सोडायला कुरकुर करतं आणि चीजमध्ये ओलावा जास्त राहतो. एन्झाइम जास्त, ओलावाही जास्त. कडूपणाची बैठक इथेच तयार झाली.

म्हशीच्या दुधाला वेगळं तोलावं लागतं. त्यात केसीन आणि कॅल्शियम जास्त, म्हणून ते लवकर आणि घट्ट बसतं. कॅल्शियम क्लोराइड घालायची गरज नसते आणि एन्झाइमही कमी लागतं. पण म्हशीच्या दुधाचं चेडर सावकाश मुरतं, तेव्हा ‘थोडं रेनेट वाढवू, लवकर पिकेल’ असा मोह होतो. लवकर येतो तो फक्त कडूपणा.

दहाव्या आठवड्यातला कडूपणा

घातलेल्या एन्झाइमपैकी थोडे टक्केच चीजमध्ये अडकतात, बाकी सगळं निवळीबरोबर जातं. अडकलेलं एन्झाइम मुरण्याच्या काळात काम करत राहतं आणि ते हवंही असतं, त्याशिवाय चेडर रबरासारखं राहील. बिनसतं ते बीटा-केसीनच्या शेपटाशी. या प्रथिनाची शेवटची टोकाकडची अमिनो आम्लं पाण्यापासून दूर पळणारी आहेत. १९३ ते २०९ हा तुकडा सुटला की जिभेला तो सरळ कडू लागतो. पुढे विरजणातल्या जिवाणूंची एन्झाइमं असे तुकडे आणखी बारीक करून कडूपणा मोडतात. तुकडे तयार होण्याचा वेग मोडण्याच्या वेगापुढे गेला की चीज कडू.

मीठ इथे नुसत्या चवीसाठी नसतं. चीजमधल्या पाण्यात विरघळलेलं मीठ बीटा-केसीनचं तुटणं रोखतं, म्हणून टक्केवारी चीजच्या नाही, पाण्याच्या हिशेबाने पाहायची. मीठ १.८ टक्के आणि ओलावा ३७ टक्के असेल तर पाण्यातलं मीठ ४.९ टक्के. ही जागा बरी. मीठ १.४ आणि ओलावा ३९ असेल तर ३.६ टक्के, आणि कडूपणा जवळपास ठरलेला. दोन्ही चीजच्या पाकिटांवरचे आकडे दिसायला शेजारी-शेजारी, पण मुरताना दोघांची वाट वेगळी.

उताऱ्याचा तोटा डोळ्यांना दिसत नाही. केसीन जादा तुटलं की बारीक तुकडे निवळीत वाहून जातात. उतारा अर्धा टक्का घसरला तरी ५० किलोच्या घाणीत रोज २५० ग्रॅम चीज जातं, महिन्याला साडेसात किलो. निवळी नेहमीपेक्षा दुधट दिसली तर मात्र आधी कापणीची वेळ तपासावी, एन्झाइमकडे नंतर यावं.

बाटली का जमली

आता पहिल्या तक्रारीकडे. व्हॅटमध्ये लिटरमागे ४० एकक होते, निवळीतही साधारण तेवढेच. पेयात निवळी चौथा हिस्सा, म्हणजे लिटरमागे १० एकक. पाश्चरीकरणानंतर त्यांतले दहा टक्केच जिवंत राहिले असं धरलं, तरी लिटरमागे एक एकक उरतं. जमण्याचा वेळ एन्झाइमच्या मात्रेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४० एककांना ११ मिनिटं, तर एका एककाला ४४० मिनिटं, म्हणजे सव्वासात तासांच्या वर.

हा हिशेब ३१ अंशांचा. फ्रिजमध्ये ५ अंशांना लव भादरण्याचं काम थंडावतं, पण थांबत नाही. दर १० अंशांना वेग साधारण निम्मा होतो, म्हणजे २६ अंश खाली गेलं की सहापट वेळ: ४४ तास, जवळपास दोन दिवस. दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे गोळ्या एकमेकींना चिकटण्याची गोष्ट वेगळी. गार दुधात तो जवळजवळ होतच नाही. म्हणून बाटलीतलं पेय दोन दिवसांत आतून पूर्ण तयार होतं आणि तरी पातळ दिसतं. टेबलावर ठेवून गरम झालं की थोपलेला दुसरा टप्पा धावत येतो आणि पाहता पाहता खरवस. डेअरीच्या फ्रिजमध्ये तपासलेली बाटली निर्दोष आणि गिऱ्हाइकाच्या हातातली जमलेली, असं का, ते यातून कळतं.

तरी अंदाजावर निकाल देऊ नये, कारण न आंबता दूध जमवणारे आणखी चोर आहेत. थंडीत वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू असं प्रथिनतोडं एन्झाइम सोडतात की ते उकळीलाही पुरून उरतं. बॅसिलस सिरियसही दूध गोड असतानाच जमवतो. त्यांना वेगळं काढायची चाचणी डेअरीतच होते.

कमी तापमानाला बनवलेली स्किम्ड दूध पावडर २४ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. त्या पाण्यात लिटरला १.१ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड आधीच विरघळवलेलं असावं. तासभर मुरू द्यावं. निवळीचे दोन नमुने घ्यावेत: एक पाश्चराइज केलेली, दुसरी १० मिनिटं उकळून कापडातून गाळलेली. उकळल्यावर प्रथिनांचे पांढरे कण येतात, ते गाळायलाच हवेत, नाहीतर जमल्याचा भास होतो. दोन्हींचा सामू सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी ६.५वर आणावा. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिली दूध. एकीत ५ मिली पाश्चराइज्ड निवळी, दुसरीत ५ मिली उकळलेली, तिसरीत पाणी. तिन्ही ३१ अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी नळी तिरकी करून काचेवरून ओघळणारी साय पाहावी. दूध जमू लागलं की तो पातळ पडदा रव्यासारखा फुटतो.

दहा टक्के एन्झाइम जिवंत असेल तर पहिली नळी साडेतीन तासांच्या आसपास फुटायला हवी. सहा तास पाहावं आणि शेवटी सामू पुन्हा मोजावा. पहिली जमली, उरलेल्या दोन पातळ आणि सामू हललेला नाही, तर चोर म्हणजे निवळीतलं रेनेटच. उकळलेल्या निवळीची नळीही जमली तर दुधाच्या थंड साठवणुकीकडे आणि टाकीच्या सफाईकडे वळावं. तिन्ही जमल्या किंवा सामू उतरला तर चाचणीच बिघडली.

काय बदलायचं

निवळीच्या तक्रारीचं उत्तर उद्योगाला फार पूर्वी सापडलं आहे. मीहेईच्या एन्झाइमवर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरआम्लाची क्रिया केली की त्यातल्या मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्याची उष्णतेतली चिवटपणाची हद्द सुमारे १० अंशांनी खाली येते. दूध साकळण्याचं काम मात्र चालू राहतं. मूळ रूपाला ‘एल’, क्रिया केलेल्यांना ‘टीएल’ आणि ‘एक्सएल’ अशी अक्षरं नावापुढे असतात. पूड मागवताना दुकानदाराला विचारायचं ते हे अक्षर. ५०० लिटरला एकक तितकेच घालायचे, ग्रॅम मात्र नव्या डब्यावरच्या ताकदीप्रमाणे पुन्हा काढायचे.

पण टीएल आणूनही निवळी दुपारपर्यंत टाकीत पडून राहिली तर घोळ परत येतो. निवळी जितकी आंबट तितकं हे एन्झाइम उष्णतेत जास्त टिकतं. व्हॅटमधून ६.१-६.२ सामूला निघालेली निवळी लगेच तापवली तर ते मरतं, तीच ५.२पर्यंत आंबू दिली तर त्याच ७२ अंशांत बऱ्यापैकी वाचतं. म्हणून निवळी निघाल्याबरोबर पाश्चरीकरण, किंवा थांबावंच लागणार असेल तर आधी ५ अंशांवर गार करणं.

कडूपणावर टीएलचा भरवसा धरू नये. चेडरचं दही ३८-३९ अंशांपुढे जात नाही, तिथे चिवट आणि नाजूक दोन्ही एन्झाइमं सारखीच सुखात असतात. कडूपणाची दुरुस्ती काट्यावर, वाटीवर आणि मिठात आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुरवायचं चेडर असेल तर बुरशीच्या रेनेटऐवजी किण्वनातून बनवलेलं कायमोसिन घ्यावं. अमेरिकेत त्याला १९९०मध्ये मान्यता मिळाली. वासराच्या कायमोसिनचं जनुक सूक्ष्मजीवात घालून ते बनवतात आणि त्यातला एक यजमान पुन्हा बुरशीच, ॲस्परजिलस. महाग पडतं, पण लांब मुरणाऱ्या चीजमध्ये उताऱ्यातून आणि चवीतून खर्च वसूल होतो. दोन-चार आठवड्यांत खपणाऱ्या चीजला मीहेई उत्तम, तिथे जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. ५० अंशांच्या वर शिजवल्या जाणाऱ्या एमेंटालसारख्या चीजला चेस्टनटवाल्या बुरशीचं नाजूक एन्झाइम सोयीचं, कारण ते शिजवण्यातच बरंचसं निकामी होतं.

बुरशीची प्रथिनतोडी एन्झाइमं याखेरीज बरीच ठिकाणी राबतात: सोया सॉससाठी बुरशी चढवलेल्या धान्यात, म्हणजे कोजीत, ॲस्परजिलस ओरायझी, बिस्किटाच्या कणकेचा ताण सैल करायला त्याच बुरशीचं प्रोटिएज. ओरायझीची साखळीच्या टोकाकडून कुरतडणारी एन्झाइमं तर प्रथिनांच्या अर्कातला कडूपणा काढायला वापरतात, म्हणजे एका बुरशीने केलेले कडू तुकडे दुसरीकडून मोडून घ्यायचे.

बदल केल्यावर पहिल्या तीन घाणींच्या निवळीवर वरची नळ्यांची चाचणी करावी. सोबत उकळलेल्या निवळीत आपलीच पूड व्हॅटमधल्या मात्रेच्या एक, पाच आणि दहा टक्के एकक भरतील इतकी विरघळवून तीन जादा नळ्या लावाव्यात. पाश्चराइज्ड निवळीची नळी एक टक्क्याच्या नळीनंतर जमली, तर पेय भरायला हरकत नाही. प्रत्येक घाणीतल्या सहा बाटल्या मात्र बाजूला काढून चार दिवस ५ अंशांना ठेवाव्यात आणि मग ३१ अंशांच्या पाण्यात दोन तास. थंड बाटली हलवून पाहू नये, ती पातळच दिसणार.